पुस्तकात तसं नाही

आमच्या नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या काकांना ‘कोणत्या टूरनं जाऊन राहिले?’ असं विचारलं की त्यांच्या कपाळावर आठी चढते. ‘टूर म्हणजे बिनबँडची वरात हो. झेंडेवाला पोरगा म्हणेल तेव्हा उतरा, तो म्हणेल तिथं जेवा, तो म्हणेल तेवढा वेळ ताजमहाल बघा. आपण स्वतंत्र जातो.’ हे सांगताना त्यांच्या काखेत गाईडबुक असतं. मग परदेशात पोचल्यावर काका पुस्तक म्हणेल तेव्हा उतरतात, पुस्तक म्हणेल तिथं जेवतात आणि पुस्तक म्हणेल तेवढाच वेळ बघतात.

काकांची उभी नोकरी सिव्हिल लाइन्समधल्या एजी ऑफिसात, ऑडिटमध्ये गेली. त्या खात्याचा धर्म एकच, कागद खरा. कागद आणि माल जुळला नाही तर चूक मालाची. निवृत्तीनंतर काकांनी हाच धर्म जगाला लावला.

इस्तंबूलचं पुस्तक त्यांना बर्डीच्या फुटपाथवर मिळालं. आवृत्ती २००३ ची. जायचं होतं २०२४ साली. मी चाचरत म्हटलं, ‘काका, एखादं नवीन घ्या ना.’ त्यावर त्यांनी मला रजिस्टर तपासल्यासारखं वरून खालपर्यंत न्याहाळलं. ‘आया सोफिया ५३७ साली बांधून झाली. ती वीस वर्षांत कुठं जाऊन राहिली?’ मग पुस्तकाला खाकी कव्हर चढलं, कव्हरवर लेबल आणि लेबलवर नाव. तांबड्या पेन्सिलीनं ‘बघणे’, निळ्या पेन्सिलीनं ‘खाणे’. सकाळी टपरीवर तर्री-पोहे खाता खाता आम्हाला पान नंबरासकट इस्तंबूल पाठ होऊ लागलं.

पुढची हकीकत काकूंकडून कळली. काकांकडून कळलं असतं ते फक्त पुस्तकात होतं तेवढंच.

नागपूर ते दोहा आणि दोहा ते इस्तंबूल हा प्रवास सुरळीत झाला. विमान उतरलं आणि पहिला आक्षेप निघाला. पुस्तकात विमानतळाचं नाव अतातुर्क, इथं पाटीवर दुसरंच. प्रवासी विमानं २०१९ च्या एप्रिलमध्येच शहराच्या उत्तरेला काळ्या समुद्राजवळच्या नव्या विमानतळावर हलली होती. काका चौकशीच्या खिडकीवर गेले आणि पुस्तक उघडून तिथल्या मुलीला म्हणाले, ‘आम्हाला इथं उतरायचं होतं.’

दुसरा आक्षेप पैशांचा. पुस्तकात चहासुद्धा लाखांत. तुर्कस्ताननं २००५ साली नोटांवरची सहा शून्यं कापली आणि दहा लाख जुन्या लिरांची एक नवी लिरा केली. काकांनी मात्र बजेट करोडोंत आखलेलं. पहिल्याच टपरीवर चहा वीस लिरांना मिळाला. काकांनी शून्यं परत जोडली आणि कप खाली ठेवला. ‘दोन कोटींचा चहा!’ काकूंनी तोवर आपला संपवलाही होता.

तिसरा आक्षेप खुद्द आया सोफियाचा. ती १४५३ पासून मशीद होती, १९३५ पासून संग्रहालय. पुस्तकही ‘संग्रहालय’ म्हणून थांबलेलं. २०२० च्या जुलैत ती पुन्हा मशीद झाली आणि २०२४ च्या जानेवारीपासून परदेशी पाहुण्यांना वरच्या सज्जात जायला पंचवीस युरोंचं तिकीट लागू झालं. काकांनी पहारेकऱ्यापुढे पान धरलं. त्यानं इमारतीकडे बोट दाखवलं, काकांनी छापलेल्या ओळीकडे. हा पत्रव्यवहार बराच चालला. शेवटी काकूंनी पर्स उघडली. ‘काय करून राहिले तुम्ही? मागे रांग लागली ना!’ आत गेल्यावरही काका पंधरा शतकांचा घुमट बघेनात, मार्जिनमध्ये ‘तफावत’ लिहीत बसले.

पुस्तकाबरहुकूम फिरणाऱ्यांची ही जात आजची नाही. लंडनच्या जॉन मरे यांनी १८३६ मध्ये युरोपच्या प्रवाशांसाठी लाल पुठ्ठ्याचं हँडबुक काढलं. जर्मनीच्या बेडेकरांनी बघण्याजोग्या जागांना तारे द्यायला सुरुवात केली आणि तारा नसेल तिकडे मान न वळवणारा प्रवासी जन्माला आला. १९७३ मध्ये व्हीलर दांपत्यानं लंडन ते ऑस्ट्रेलिया खुष्कीनं स्वस्तात कसं जावं यावर पातळसं पुस्तक छापलं. त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ उभं राहिलं आणि खिशात चारच पैसे असणारेही एकटे निघाले. टूरचे पैसे परवडत नाहीत, भाषा येत नाही, पण पुस्तक आहे ना, एवढ्या भांडवलावर माणसं घराबाहेर पडली. काकाही त्यातलेच. मराठी माध्यमात शिकलेला माणूस तुर्की शहरात बायकोला घेऊन बेधडक उतरतो, हे त्या फुटपाथवरच्या पुस्तकाचंच बळ.

पण बळ आणि हट्ट एकाच पुठ्ठ्यात बांधलेले. बॉस्फरसच्या पलीकडे, म्हणजे युरोपातून आशियात जायचं होतं. पुस्तक म्हणालं, बोटीनं. होटेलातल्या मुलीनं सांगितलं, सिर्केजीहून मार्मराय पकडा, समुद्राखालून चार मिनिटांत उस्कुदार. २०१३ पासून गाड्या चालू आहेत. काका हसले. ‘पुस्तकात तसं नाही. समुद्राखालून कायची गाडी?’ ते पुस्तक घेऊन एमिनोनूच्या धक्क्यावर गेले, काकू मुलीबरोबर स्टेशनात. काका आशिया खंडात पोचले तेव्हा काकू तिथल्या मांजरांना सिमित नावाच्या पावाचे तुकडे घालत होत्या. ‘किती तारे आहेत हो या मांजरांना?’ त्यांनी विचारलं.

शेवटच्या दिवशी निळ्या पेन्सिलीनं दुहेरी अधोरेखित केलेली खानावळ शोधायची होती. गल्ली तीच, नंबर तोच आणि आत न्हावी. काकांनी पान दाखवलं. न्हाव्यानं वस्तरा ठेवला, ते नाव मोठ्यांदा वाचलं, शेजारच्या दोघांना हाका मारल्या. खानावळीचा म्हातारा मालक त्याच्या बापाचा दोस्त होता. कोणी गेल्यानंतरही त्याचं नाव शोधत येतं, याचं त्यांना कोण कौतुक! काकांना खुर्चीत बसवलं, मेर्जिमेक चोर्बासी मागवली. चव घेऊन काकू म्हणाल्या, ‘हे तं मसुराचं वरण हो!’ वर दोन दोन कोटींचे चहा, तेही फुकट. नवी आवृत्ती असती तर काका भलत्याच गल्लीत बरोबर जेवले असते.

काकांचं मत विचाराल तर हा लाभ नियमबाह्य होता. परत आल्याबरोबर त्यांनी प्रकाशकाला अकरा पानी पत्र रजिस्टर पोस्टानं धाडलं. विमानतळ, चलन, मशीद, बोगदा, न्हावी, सगळे आक्षेप क्रमवार, खाली ‘खुलासा मागवावा’.

आता ग्रीसची तयारी चालू आहे. पुस्तक मिळालंही, भक्कम बांधणीचं. फक्त त्यात भाव द्राख्मात आहेत, आणि तिथं युरोच्या नोटा येऊन वीसाहून जास्त वर्षं झाली, असं मी सांगितलं. काका नेहमीसारखे चष्म्यावरून बघत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, ‘होऊ द्या जी. द्राख्मा त्यांच्यापाशी ठेवा, युरो माझ्या पर्समधी राहतीन.’