पाणीदार

फौजदार, जमादार, किल्लेदार, अंमलदार अशा नाना 'दारां'च्या नेमणुका आजवरच्या राजवटींनी केल्या. परंतु ज्याला कोणत्याही राजवटीने सनद दिली नाही, वेतन दिले नाही, आणि तरीही जो आपल्या अधिकारक्षेत्रात पहाटे साडेपाचाच्या ठोक्याला हजर असतो, असा एकच 'दार' माझ्या पाहण्यात आहे, तो म्हणजे पाणीदार. हा शब्द मी तलवारीच्या अथवा डोळ्यांच्या पाण्यास अनुलक्षून योजीत नसून केवळ पिण्याच्या पाण्यास अनुलक्षून योजीत आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. गोमंतकात ही जात विपुल आढळते. तिचा जो नमुना शेजारधर्माने माझ्या वाट्यास आला, त्यास पणजीतील आमचा सारा वाडा 'भाई' म्हणतो.

भाईंच्या घरी नळ नाही असा ग्रह कोणी करून घेऊ नये. खांडेपार नदीचे ओपा येथे उपसून शुद्ध केलेले पाणी इतर पणजीकरांप्रमाणे त्यांच्याही स्वयंपाकघरात येते; त्याने भांडी घासली जातात, तुळशीला घातले जाते, आणि नावडत्या पाहुण्यांचा चहा होतो. स्वतःच्या घशाखाली मात्र भाई त्याचा थेंब जाऊ देत नाहीत. "नळाला येते ते पाणी, आणि झरीला येते ते उदक," हा त्यांचा सिद्धान्त. कोंकणीत दोहोंनाही उदकच म्हणतात, आणि भाई घरी कोंकणीच बोलतात, ही अडचण मी एकदा नम्रपणे मांडली. तेव्हा चौतीस वर्षे नोंदणी कचेरीत काढलेल्या त्या गृहस्थांनी कमी किमतीचा स्टँप लावून आणलेल्या दस्तऐवजाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले.

एके काळी पणजीकरास झरीसाठी नदी ओलांडावी लागत नसे. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी फोंत फेनिक्स होता, बोक द व्हाक म्हणजे गोमुख होते. फोंतेन्यश या वस्तीस तर नावच झऱ्यावरून मिळाले. पुढे १८४३ साली पणजी राजधानी झाली, टेकडीवर बंगले उठले, बंगल्यांमागे शौचकूप खणले गेले, आणि वरून टेकडीच्या पोटात काय काय मुरू लागले याचा विचार प्यायला बसण्यापूर्वी न केलेलाच बरा. भाईंनी तो केला, आणि दर बुधवारी व रविवारी स्कूटरला पाच-पाच लिटरांचे चार डबे बांधून ते बारदेशातील पोंबुर्प्याची झर गाठू लागले. १९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा लोकांच्या कचेऱ्या चुकल्या, लग्नांचे मुहूर्त चुकले. भाईंनी मात्र फेरीबोटीच्या रांगेत डब्यांसह उभे राहून आपला बुधवार चुकू दिला नाही, असे ते स्वतः सांगतात, आणि त्यांच्या पत्नी किंचित निराळ्या सुरात त्यास दुजोरा देतात.

परंतु भाईंचे खरे दर्शन घडते ते झरीवर. तेथे पाऊल ठेवताच निवृत्तीवेतनाने वाकलेली त्यांची पाठ ताठ होते, आणि कोणी न मागितलेला कारभार सुरू होतो. कोणाचा क्रम कोणामागे, हे ते ठरवितात. आलेल्या प्रत्येक डब्याच्या तोंडाशी नाक नेऊन त्याचा पूर्वेतिहास तपासला जातो. व्हिनेगरचा डबा दोष कबूल करून तीन वेळा विसळला असता क्षम्य ठरतो, रॉकेलचा डबा कायमचा बडतर्फ होतो. नरसाळ्याखाली मलमलीचे फडके असलेच पाहिजे. अंगावरच्या खरजेसाठी स्नानास आलेल्यांनी प्रवाहाच्या खालच्या अंगास जावे. एका सकाळी हा हुकूम ऐकून गावातली एक वृद्ध स्त्री भरलेली कळशी कमरेवर घेत, मागे वळूनही न पाहता म्हणाली, "उदक आमच्या गांवचें, आनी हुकूम पणजेचो?" भाईंनी हे ऐकले नाही. न ऐकण्याची ही विद्या त्यांनी कचेरीतच संपादिली असावी.

या उदकात लोह आहे, गंधक आहे, औषधी मुळांचा अर्क आहे, असे भाई सांगतात. वस्तुस्थिती अशी की, पावसाळ्यात येथे पडणारे शे-सव्वाशे इंच पाणी सच्छिद्र जांभ्या दगडात मुरते, खालच्या चिकण थरावर अडते, आणि उतारावर जेथे वाट सापडेल तेथे बाहेर येते. शतकानुशतके धुपून निघालेला तो जांभा बिचारा पाण्यास क्षार फारसे देऊच शकत नाही. हे पाणी गुणकारी आहे ते त्यात काही असल्यामुळे नव्हे, तर फारसे काही नसल्यामुळे. तुरीची डाळ त्यात लवकर शिजते, हा भाईंचा दावा मात्र निर्विवाद खरा आहे, आणि मृदू पाण्याचे ते लक्षण आहे, असे मी म्हटले की 'मृदू' हा शब्द आपल्या झरीचा अवमान आहे असे त्यांस वाटते.

जून लागला की पाणीदार वनवासास जातात. नवे पाणी पिऊ नये, हा जुन्या लोकांचा दंडक ते कसोशीने पाळतात (पहिल्या सरींबरोबर वरची घाण खाली उतरते, तेव्हा दंडक शहाणपणाचाच), आणि चतुर्थीपर्यंत नळाचे पाणी, तेही उकळून, गाळून, कपाळास आठी घालून घेतात. या तीन महिन्यांत आपले वजन घटते, अशी त्यांची तक्रार असते. घरातल्या काट्याचे मत निराळे आहे.

गेल्या वैशाखात माझ्या मनात दुष्टपणा आला. रात्रभर मडक्यात निवविलेले नळाचे पाणी वाळ्याची काडी टाकून मी त्यांच्यापुढे ठेवले, आणि पोंबुर्प्याहून आणल्याचे बेधडक सांगितले. भाईंनी एक घोट तोंडात फिरविला, डोळे मिटले, आणि तो कुंडीत टाकून शांतपणे म्हणाले, "ओपा. क्लोरीन कमी करायला वाळा घातलास, पण मडके नवे आहे." माझी तेवढी फजिती पुरेशी नव्हती म्हणून की काय, येत्या रविवारी मी त्यांच्यासोबत यावे असे फर्मान सुटले. मी गेलो. पहाटेच्या अंधारात तासभर रांगेत उभा राहिलो, आणि माझी पाळी येताच भाईंनी माझा डबा हाती घेऊन हुंगला.

"खोबरेल," ते म्हणाले, आणि माझ्यामागच्या गृहस्थास पुढे बोलावले.