बापलेकीत एक कॉम्प्युटर

फ्रँकफर्ट,
फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत, म्हणजे प्रकृतीनं. घरात मात्र गेले काही आठवडे एक खटला चालू आहे आणि त्याचा निकाल द्यायला तुमच्याएवढा लायक माणूस दुसरा नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण फोन लागला की तुमचे चिरंजीव कॅमेऱ्यासमोर ठाण मांडतात आणि तुमच्यापर्यंत एकच बाजू पोचते. म्हणून हे पत्र.

तर, घरात नवा कॉम्प्युटर घ्यायचाय. एकच. तुमची नात गेम बनवते आणि तुमचे चिरंजीव गेम खेळतात. मला आधी वाटलं, दोघांचं एकच तर काम आहे, होईल एकात. पण लग्नघरात आचाऱ्यालाही भांडंच हवं असतं आणि वऱ्हाड्यालाही; आचाऱ्याला लागतो हंडा आणि वऱ्हाड्याला ताट. आमच्याकडे हंड्यात जेवायचं की ताटात भात शिजवायचा, यावर चर्चा चालू आहे.

नात बनवते त्या गेमचं थोडं सांगते, म्हणजे आईंनाही गंमत कळेल. महाशिवरात्रीची वैद्यनाथाची यात्रा आहे, गर्दीत आजी हरवलीये आणि नातीनं तिला शोधून मंदिराच्या पायऱ्यांपर्यंत आणायचंय. आजीची नऊवारी थेट आईंच्या फोटोवरून घेतलीये. यासाठी ती अनरियल इंजिन हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट मिळतं, पण गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर पाच टक्के द्यावे लागतात. चिरंजिवांना ते पाच टक्के आत्तापासूनच जिवावर आलेत.

पहिला वाद प्रोसेसरचा. खेळणाऱ्याला कोअर थोडे चालतात, पण चपळ लागतात आणि त्यांच्या हाताशी भरपूर कॅश मेमरी लागते. म्हणून चिरंजिवांचा जीव एएमडीच्या ९८००एक्स३डीवर जडलाय : कोअर ८, पण चिपला कॅशचा जादा थर जोडून एल३ कॅश ९६ एमबी केलेली. नातीचं गणित उलटं. तिनं एका दगडाचं रूप बदललं की इंजिन ‘शेडर कंपाइल’ करायला, म्हणजे ते रूप रंगवणारे छोटे प्रोग्राम नव्यानं तयार करायला घेतं. कोपऱ्यात हजारांतला आकडा दिसतो आणि तो उतरेपर्यंत ती नखं खात बसते. हे काम सगळ्या कोअरमध्ये वाटलं जातं, त्यामुळे तिला आठाऐवजी बारा, जमल्यास सोळा कोअर हवेत. दोघांचं समाधान करणारी चिपही आहे, ९९५०एक्स३डी, सोळा कोअर आणि वर तो कॅशचा थरही. तिची किंमत ऐकून दोघंही माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी कणीक मळायला उठले.

आमच्या याच फ्रँकफर्टमध्ये क्रायटेक नावाची कंपनी आहे. २००७ साली त्यांनी ‘क्रायसिस’ नावाचा गेम काढला. तो इतका जड होता, की ‘तुझ्या कॉम्प्युटरवर क्रायसिस चालतो का?’ हा जगभर विनोदच होऊन बसला. त्यांनी धरून चाललं होतं की एकेक कोअर असाच वर्षागणिक वेगवान होत जाणार. झालं भलतंच, बाजार वळला जास्त कोअरकडे, आणि पुढे कितीतरी वर्षं कोऱ्या करकरीत मशीनवरसुद्धा तो गेम अडखळायचा. नात हे उदाहरण कोअरच्या बाजूनं देते, चिरंजीव वेगाच्या बाजूनं. दोघांचंही बरोबर असल्यामुळे भांडण मिटत नाही.

दुसरा वाद ग्राफिक्स कार्डाचा, आणि इथे बाबा, तुमचं काम आहे. चिरंजिवांच्या पहिल्या यादीत एनव्हिडियाचं ५०९० होतं : मेमरी ३२ जीबी, वीज ५७५ वॉट, जाहीर किंमत दोन हजार डॉलर आणि दुकानात त्याहून जास्त. बाकीचं धरून अख्खा कॉम्प्युटर आठशे वॉटच्या घरात जातो. म्हणजे आपल्या परळीच्या थर्मल वीजकेंद्राचा २५० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर चालवला, तर असे तीनेक लाख कॉम्प्युटर चालतील. तुम्ही कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या काढल्या त्या लोकांच्या घरी दिवे लागावेत म्हणून. इथे त्याच विजेवर आपले चिरंजीव राक्षस मारणार.

शिवाय तुमच्याकडे वीज तयार होते, आमच्याकडे तिचं फक्त बिल येतं. इथे युनिटला चाळीस सेंटच्या आसपास पडतात. युरो आता शंभर रुपयांच्या पुढे गेलाय, म्हणजे एक युनिट चाळीस रुपयांच्या वर. रोज चार तास असा खेळ केला, तर सव्वातीन युनिट, दिवसाला सव्वाशे-दीडशे रुपये. हा हिशेब मी फ्रीजवर चिकटवलाय. चिरंजीव म्हणाले, ‘हिवाळ्यात हीटर तेवढा कमी लागेल.’ बाबा, तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही, आत गेलेला वॉटन् वॉट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडतो. पण जुलैचं काय? इथल्या बहुतेक घरांत एसी नसतात.

अजून एक ऐका, यावर तुम्ही नक्की उठून बसाल. या मोठ्या कार्डांना एका छोट्याशा सोळा पिनांच्या कनेक्टरमधून ६०० वॉटपर्यंत वीज देतात, आणि तीही १२ व्होल्टवर. म्हणजे पन्नास अँपिअर! त्यातल्या १२ व्होल्टच्या पिना सहाच, प्रत्येकीवर आठ अँपिअरच्या वर. पिन नीट बसली नाही तर प्लास्टिक वितळतं, तशा तक्रारी २०२२ पासून जगभरातून येतायत. मी चिरंजिवांना एवढंच म्हटलं, ‘हे बाबांना दाखवू का?’ त्याच संध्याकाळी ५०९० यादीतून गेलं.

मग आले कूलिंगवर. त्यांना वॉटर कूलिंग हवं होतं. म्हटलं, २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून अख्खं थर्मल बंद ठेवावं लागलं, त्या गावच्या माणसानं कॉम्प्युटर पाण्यावर चालवायचा? ते समजावत होते, ‘अगं, हे पाणी संपत नाही, बंद नळीतच फिरतं.’ असेल. पण नळी कधीतरी गळणार आणि पुसायला मीच जाणार. शेवटी साधा मोठा पंखा ठरला. मोठा पंखा हळू फिरतो, आवाजही कमी करतो. इथे रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते आणि खालच्या आजींचे कान तिखट आहेत.

रॅमचं मात्र खरंच दुखणं झालंय. अनरियलवाले ३२ जीबीची शिफारस करतात. नातीला ६४ हवी, कारण इंजिन, थ्रीडी आकृत्या घडवायचं ब्लेंडर आणि ब्राउझर ती एकाच वेळी उघडून बसते. पण गेल्या पावसाळ्यानंतर रॅमचे भाव असे भडकलेत, की सोनाराकडे गेल्यासारखं वाटतं. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यातच कारखान्यांना जास्त फायदा आहे. मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये जाहीरच केलं, की सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा क्रूशल हा ब्रँड बंद करणार. आपल्यासारख्यांना कोण विचारतो? आत्ता १६-१६ च्या दोन स्टिक घेऊ, भाव उतरले की त्या विकून ३२-३२ च्या. चार स्टिक कोंबल्या तर डीडीआर५ ची गती उतरते, असं नात सांगते. मी मान डोलावली.

आता खरी गोष्ट. नातीनं गेमचा पहिला तुकडा धाकट्या भावोजींच्या मुलाला पाठवला होता, तुमच्या शेजारच्या खोलीत बसून त्यानं तो चालवला. त्याचा तो जुना लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी. तुम्हाला कदाचित त्या रात्रीचा पंख्याचा आवाज आठवत असेल. त्यानं व्हिडिओ पाठवला. यात्रा थिजलेली, आजीनं एक पाऊल उचललं की चहा पिऊन यावं, मग ते टेकणार. खाली भावोजींच्या मुलाचा निरोप : ‘ताई, आजी हरवली नाही, जागेवरच उभीये.’

नात दोन दिवस गप्प होती. मग तिनं पायऱ्यांवरच्या दिव्यांचा तो महागडा प्रकाश काढला, गर्दीतली लांबची माणसं साध्या आकाराची केली, दगडांचे पोत लहान केले. तेव्हा कुठे आजी चालायला लागली. आणि मला त्या दिवशी या सगळ्या खटल्यातला मुद्दा कळला : बनवायला मशीन दणकट हवं ते बनवणाऱ्याचा वेळ वाचावा म्हणून. गेम कसा झालाय, हे मात्र परळीचा लॅपटॉपच सांगणार. गेम विकणारे स्टीमवाले दर महिन्याला पाहणी काढतात, त्यातही सगळ्यांत जास्त लोकांचे पडदे अजून १९२० बाय १०८० चेच आणि कार्डं मधल्या किमतीची, ३०६०, ४०६० अशी. घरात ५०९० असतं तर पोरीला आपली आजी सगळीकडे अशीच धावते असं वाटत राहिलं असतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची मंडळी बघा ना. त्यांचा ‘राजी’ हा गेमही अनरियलवरच बनलेला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट, दुर्गा आणि विष्णू पाठीशी. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो सगळ्यांत आधी आला निंटेंडो स्विचवर, म्हणजे २०१७ सालच्या, हातात मावणाऱ्या, ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. एवढ्याशा यंत्रात एवढं देखणं बसवायचं, तर काय टाकायचं हे ठाऊक असावं लागतं.

तेव्हा माझा निकाल असा. प्रोसेसर बारा कोअरचा ९९००एक्स : नातीला सोळा मिळाले नाहीत, चिरंजिवांना जादा कॅश मिळाली नाही, दोघं सारखेच नाराज, म्हणजे न्याय झाला. कार्ड ५०६० टीआय, १८० वॉटचं. फक्त खोक्यावर १६ जीबी लिहिलंय ना हे बघून घ्यायचं; त्याच नावाचं ८ जीबीचं कार्डही मिळतं आणि स्वस्त दिसलं की चिरंजिवांचा हात तिकडेच जातो. एसएसडी दोन टीबीची. एसएमपीएस ७५० वॉटचा, गरजेपेक्षा बराच मोठा. भाराला मार्जिन ठेवावं, हे तुमच्याच तोंडून ऐकलंय. पडदा रंग नीट दाखवणारा, आणि १४४ हर्ट्झचा मिळाला तर चिरंजिवांचं नशीब. यात काही चुकत असेल तर कळवा, तुमचा शब्द शेवटचा.

आता एक विनंती. भावोजी तो जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घेणार असं ऐकलं. कृपा करून देऊ देऊ नका! नवा खुशाल घ्या, आम्ही हातभार लावू, पण जुना कपाटात ठेवा, अधूनमधून चार्ज करा. आमच्या गेमचा तो परीक्षक आहे.

आईंना सांगा, येसर आणि धपाट्याचं पीठ येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवा. महाशिवरात्रीला गर्दीत मंदिरात जाऊ नका, आदल्या दिवशी दर्शन घ्या. नाहीतर नातीला गेमचा दुसरा भाग काढावा लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली सून

ता. क. : ‘राजी’चा एक अवघड टप्पा रात्री सगळे झोपल्यावर मी पार केला. चिरंजीव आठवडाभर तिथेच अडकलेत आणि दोष जुन्या कार्डाला देतायत. त्यांना एवढ्यात कळवू नका.