सर्व्हरचा पत्ता दुरून बदलणाऱ्यांसाठी सूचना

ही मार्गदर्शिका प्रॉक्समॉक्स चालवणाऱ्या, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या पोटात आठ-दहा आभासी मशिने नांदवणाऱ्या ॲडमिन मंडळींसाठी आहे. ज्यांनी आजवर एकदाही नेटवर्क बिघडवलेले नाही, त्यांनीही ती वाचून ठेवावी. त्यांचाही नंबर लागणार आहे.

प्रथम, अडकावे कसे. यासाठी विशेष प्रशिक्षण लागत नाही. सर्व्हरपासून होईल तितके लांब बसावे, ब्राउझरमध्ये ८००६ पोर्टवरचे वेबपान उघडावे आणि व्हीएमबीआर-शून्य हा ब्रिज बदलायला घ्यावा. आपण आत आलो ते याच ब्रिजवरून, हा विचार तूर्त मनात आणू नये. पत्ता १९२.१६८.१०.५ असेल तर दहाच्या पुढे एक शून्य जास्तीचे पडले तरी पुरते. प्रॉक्समॉक्स इथे फार सभ्यपणे वागते. तुमचा बदल लगेच अमलात न आणता तो ‘इंटरफेसेस डॉट न्यू’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवते, जुन्या-नव्यातला फरक ओळीओळीने खाली दाखवते आणि ‘अप्लाय कॉन्फिगरेशन’ दाबण्याची वाट पाहते. हा फरक वाचण्यासाठी असतो, अशी एक अफवा आहे. अनुभवी माणूस सरळ बटण दाबतो.

यानंतरचा काही काळ एफ-पाच दाबण्यात घालवावा. मग वायफाय बंद करून चालू करावे, लॅपटॉपही रीस्टार्ट करावा. दोष सर्व्हरकडे नाही हे ठाऊक असले तरी करावे, मन रमते.

आता निदान. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, फक्त आपला फोन टेबलावर उताणा ठेवावा. पाच मिनिटांत अकाउंट्समधून ‘सर, टॅली उघडत नाहीये’ असा फोन आला, तर बिघाड ब्रिजच्या मुळाशी आहे. बहुधा ‘ब्रिज पोर्ट्स’च्या रकान्यात भलत्याच नेटवर्क कार्डाचे नाव पडले आहे, आणि सर्व आभासी मशिने तुमच्यासकट बाहेर फेकली गेली आहेत. कोणाचाच फोन आला नाही, तर चुकला आहे तो सर्व्हरचा स्वतःचा पत्ता किंवा गेटवे. आतल्या मशिनांचे पत्ते त्यांचे त्यांच्याकडे असतात, ब्रिज शाबूत असतो, त्यामुळे टॅली चालते, फाइल सर्व्हर चालतो, हजेरीसुद्धा लागते. आपल्यावाचून ऑफिसात कोणाचेही काही अडलेले नाही, हे त्या शांततेत लख्ख कळते. पुष्कळ ॲडमिन या टप्प्यावर खचतात. खचू नये. तांत्रिकदृष्ट्या हीच शुभवार्ता आहे.

कारण आता उठून चालत जाण्याची गरज नाही. त्याच स्विचवरच्या, त्याच व्हीलॅनमधल्या एखाद्या संगणकाला १९२.१६८.१००.९ असा जादा पत्ता द्यावा आणि ब्राउझरमध्ये चुकलेलाच पत्ता टाकावा: १९२.१६८.१००.५, पोर्ट ८००६. सर्व्हर तिथेच, तुम्ही पाठवलेत त्या पत्त्यावर, आज्ञाधारकपणे बसलेला असतो. आपण ऑफिसात नसलो, तर त्याच ब्रिजवरच्या एखाद्या आभासी मशिनात रिमोट डेस्कटॉपने शिरून तिलाच हा जादा पत्ता द्यावा. यजमानाच्या घरात पाहुण्याकरवी शिरणे शिष्टाचारात बसत नाही, पण नेटवर्कमध्ये बसते. नुसता गेटवेच चुकला असेल, तर जादा पत्त्याचीही गरज नाही, शेजारच्या कोणत्याही मशिनावरून आत जाता येते.

टॅलीवाला फोन आला असेल, तर मात्र पायपीट अटळ. तत्पूर्वी आयड्रॅक, आयएलओ किंवा आयपीएमआय यांपैकी काही सर्व्हरमध्ये आहे का ते आठवावे. असल्या आपत्तीसाठीच बनवलेला हा वेगळा पोर्ट, वेगळी केबल. पोर्ट बहुतेक सर्व्हरना असतो. केबल लावायची राहिलेली असते.

सर्व्हर रूमची किल्ली वॉचमनकाकांकडे असते आणि वॉचमनकाका जेवायला गेलेले असतात. आत गेल्यावर कळते की सर्व्हरला व्हीजीए आहे आणि उचलून आणलेल्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय. या दोहोंचा मेळ घालण्यात जो वेळ जातो त्यापुढे प्रत्यक्ष दुरुस्ती किरकोळ आहे.

पडदा उजळला की त्यावर ठळक अक्षरांत सर्व्हरचा पत्ता दिसेल. त्यावर विश्वास ठेवू नये. ती पाटी होस्ट्स फाइल वाचून बूट होताना लिहिली जाते. खरा पत्ता तिच्या गावीही नसतो. रूट म्हणून लॉगिन करून ‘आयपी ए’ ही आज्ञा द्यावी. कार्डांची खरी नावे इथे दिसतात. मध्यंतरी कोणी नवे कार्ड बसवले असेल, तर ‘ईएनपी३एस०’ चे ‘ईएनपी४एस०’ झालेले असू शकते, कारण हे नाव पीसीआय बसवरच्या जागेवरून ठरते आणि जुन्या कार्डाची जागा सरकते. अशा वेळी कोणी काहीच बदललेले नसते आणि तरीही सगळे बदललेले असते. ईटीसी-नेटवर्कमधल्या इंटरफेसेस फाइलीची एक प्रत काढावी, नॅनोमध्ये मूळ फाइल उघडून ब्रिजखालचे नाव, पत्ता, गेटवे दुरुस्त करावे आणि ‘आयएफरीलोड’ चालवावे. पत्ता मुद्दाम बदलायचा असेल, तर होस्ट्स फाइलीतही बदलावा.

साहेबांना द्यायच्या खुलाशात ४ ऑक्टोबर २०२१ ही तारीख घालावी. त्या दिवशी देखभालीच्या एका आज्ञेने फेसबुकची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली. चुकीची आज्ञा अडवायला ठेवलेल्या तपासणी प्रणालीतच दोष होता, म्हणून तिने ती जाऊ दिली. फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद, कंपनीची अंतर्गत साधनेही बंद, आणि डेटा सेंटरला पाठवलेल्या इंजिनिअरांचा वेळ तिथल्याच कडेकोट सुरक्षेतून आत शिरण्यात गेला. त्यांनाही वॉचमनकाका भेटले, एवढेच नमूद करावे. तुलना साहेब स्वतः करतील.

पुढच्या वेळेसाठी एक तोडगा आहे. ज्युनिपरच्या राउटरवर ‘कमिट कन्फर्म्ड’ असते: १० मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही, तर बदल आपोआप मागे फिरतो. उबुंटूचे ‘नेटप्लॅन ट्राय’ १२० सेकंद थांबते. प्रॉक्समॉक्सवर हे आपले आपण जमवावे. बदलाआधी जुन्या फाइलीची प्रत ठेवावी, आणि ६०० सेकंद झोपून मग ती प्रत जागेवर ठेवणारी, ‘आयएफरीलोड’ करणारी एक ओळ पार्श्वभूमीला सोडावी. अडकलात तर दहा मिनिटे बसून राहिले की सुटका.

नवा पत्ता नीट चालू लागला, की ती ओळ मारायला विसरू नये. विसरलात आणि चहा घेऊन येईपर्यंत वेबपान पुन्हा फिरत बसले, तर घाबरून वॉचमनकाकांना हाक मारू नये. जुन्या पत्त्यावर जाऊन बघावे.