तलावाला झाडूवाला पाहिजे

लोणावळ्याला वीकेंड बंगला झाला, पुढे स्विमिंग पूलही झाला. आता त्यात पोहायचं कोणी, यापेक्षा तो झाडायचा कोणी हा प्रश्न मोठा. माळी जाळी घेऊन उभा असतोच, पण पाहुण्यांना दाखवायला यंत्र हवं!

यंत्रांच्या जाती मुख्यतः तीन. पहिली सक्शनवर चालणारी: स्किमरला, म्हणजे पूलच्या कडेच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाला, पाइप जोडायचा, पंप ओढेल तसं यंत्र तळाशी फिरतं. फर्डिनंड शोव्हिए या इंजिनिअरनं १९७४च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत काढलेलं ‘क्रीपी क्रॉली’ याच कुळातलं. स्वस्त, साधं, मात्र गोळा केलेला गाळ पूलच्याच फिल्टरच्या गळ्यात मारतं. दुसरी जात पाण्याच्या दाबावर चालते आणि कचरा स्वतःच्या पिशवीत भरते. तिच्यातल्या अनेकांना वेगळा बूस्टर पंप लागतो, म्हणजे नोकराच्या हाताखाली आणखी एक नोकर. तिसरा रोबो. मोटर स्वतःची, फिल्टर स्वतःचा. महागडे रोबो भिंतीही चढतात. शिवाय मोबाइलवर ॲप.

खरेदी अर्थातच ॲप पाहून होते.

आतून टाइल्स आहेत की फायबर, वायर पलीकडच्या टोकाला पुरते का, फिल्टरची टोपली रोज कोण धुणार, असले प्रश्न विचारणं कमीपणाचं. मग ओल्या, गुळगुळीत टाइल्सवर रोबोचा ब्रश घसरतो आणि स्वारी पायरीपाशी अडून जागच्या जागी घरघरत राहते. पावसाळ्यात पाणी हिरवं झालं की शिव्या पुन्हा यंत्रालाच. शेवाळाला क्लोरीन लागतं, हे त्या ॲपमध्ये सापडत नाही.