पालकत्वावरील व्याख्यान : आयोजकांसाठी मार्गदर्शिका

शाळेत पालकांसाठी व्याख्यान ठेवायचे ठरले की वक्ता शोधण्याआधी एक गोष्ट पक्की करावी : व्याख्यानानंतर शाळेत काहीही बदलता कामा नये. बदलायचे ते घरी बदलावे. एवढे ठरले की विषय आपोआप सुचतो. ‘मोबाइलच्या विळख्यात बालपण’ हा विषय नागपुरात धरमपेठेपासून नंदनवनपर्यंत कुठेही चालतो, कारण त्यात दोष सर्वस्वी पालकांकडे निघतो. गृहपाठ आणि प्रकल्पांच्या सूचना शाळा रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवते, हे मात्र वक्त्याच्या कानावर जाऊ देऊ नये. ‘मुलांवरील ताण’ हा विषय घेतलाच, तर ओझे अपेक्षांचे असावे, दप्तराचे नव्हे. अपेक्षांचे वजन करता येत नाही. दप्तराचे येते; आणि केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात ते मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, दुसरीपर्यंत तर गृहपाठच देऊ नये, असे स्पष्ट लिहिले आहे. एखादी आई वजनकाटा घेऊन आली, तर आभारप्रदर्शन लवकर उरकावे लागेल.

वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची ठेवावी. त्या वेळी बहुतेक बाप कामावर असतात आणि ज्यांना रजा मिळत नाही त्या आयाही. त्यामुळे आजकालच्या पालकांना मुलांसाठी वेळच नसतो, हे वाक्य वेळ काढून आलेल्यांनाच ऐकवता येते आणि त्याला उत्तर देऊ शकणारी मंडळी सभागृहात नसतात. एप्रिलनंतर नागपूरच्या उन्हात कार्यक्रम ठेवण्यात अर्थ नाही. डिसेंबर उत्तम : हिवाळी अधिवेशनामुळे शहरात मान्यवरांची चंगळ असते, आणि सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडल्यामुळे त्यांच्या उशिराला सबबही तयार असते. हा उशीर वाया जात नाही. परिचय, शाल-श्रीफळ आणि मनोगते धरली, तर प्रश्नोत्तरांसाठी राखलेला वेळ त्यात बरोबर बसतो. तरीही कोणी हात वर केलाच, तर बाहेर तर्री-पोहे तयार असल्याची घोषणा करावी.

या शहराच्या इतिहासातले एक उदाहरण धोक्याची सूचना म्हणून अभ्यासावे. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जे सांगितले, ते आजच्या भाषेत पालकत्वावरचे व्याख्यानच होते : मुलांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढा, लग्नाची घाई करू नका, लग्नानंतर बायकोने नवऱ्याशी मैत्रिणीसारखे, बरोबरीने वागावे. इथपर्यंत आयोजकांनी निश्चिंत राहायला हरकत नाही. पुढे मात्र त्याच परिषदेने ठराव केले. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्वाला बंदी हवी, कामगार स्त्रियांना रजा आणि निवृत्तिवेतन हवे. घर सुधारायला सांगताना, त्या घराचे हात कायद्याने आणि कारखान्याने कुठे बांधले आहेत, हेही त्या बायकांनी विचारले. उपदेशाला मागणीची जोड मिळाली की व्याख्यान आयोजकाच्या हातात राहत नाही.

आज ही जोखीम अधिक आहे, कारण मागणी करण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार, विनाअनुदानित शाळा सोडल्यास, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्मे सदस्य महिला. खाजगी शाळांना शुल्क नियमनाच्या 2011 च्या कायद्याने पालक-शिक्षक संघ स्थापणे बंधनकारक आहे. अशा समितीच्या बैठकीपेक्षा व्याख्यान केव्हाही बरे. बैठकीत पालक सदस्य असतो. व्याख्यानात तो श्रोता होतो, आणि श्रोत्याला मतदान नसते.

यावर आक्षेप येतील. पालकांना मार्गदर्शनाची खरोखर गरज असते, असे कोणी म्हणेल. मान्य आहे, ती गरज आहे म्हणून तर ते येतात, आणि ते येतात म्हणून ही युक्ती चालते. चांगला वक्ता उपयोगाचे चार शब्द सांगतो, हेही खरे; पण पाचवा शब्द शाळेला उद्देशून असेल, तर पुढच्या वर्षी वक्ता बदलावा. शाळेला दोष का, शिक्षकच कामाने पिचले आहेत, हा आक्षेप सर्वांत अडचणीचा. निवडणूक आणि जनगणनेची कामे त्यांच्या माथी याच शिक्षण हक्क कायद्याच्या मुभेने येतात, तेव्हा प्रश्न त्यांचेही आहेत. म्हणून शिक्षकांना खुर्च्या लावण्यात आणि हजेरीच्या सह्या घेण्यात गुंतवावे. ते पालकांच्या शेजारी बसले, तर दोघांची तक्रार एकच असल्याचे उघड होईल.

ज्यांना याच्या उलट करायचे असेल, त्यांच्यासाठीही कृती सोपी आहे. रविवारी सकाळी बोलवावे, बापांना नावानिशी निमंत्रण द्यावे, वक्त्याला अर्धा तास द्यावा आणि उरलेल्या वेळात घराने काय करायचे, शाळेने काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, हे ठरावात लिहून घ्यावे. फक्त मग इतिवृत्त ठेवावे लागेल, आणि पुढच्या सभेत ते वाचूनही दाखवावे लागेल.