पुणेरी पाटी

मालवणच्या जेटीवर मला माझ्याच गावात पोरांनी अडवलं. "काका, किल्लो बघूक जातल्यात? स्कूबा? राहायची सोय?" ज्या किल्ल्याकडे बघत मी लहानपणापासून दात घासले, तो मला दाखवायला निघालेली ही पोरं! पण दोष त्यांचा नाही. दोष पाटीचा. गाडीवर लिहिलंय एमएच १२.

सिंधुदुर्गाची गाडी म्हणजे एमएच ०७. राज्यातल्या राज्यात जुनी गाडी घेतली की कागदावर मालक बदलतो, नंबर तोच राहतो. त्यामुळे ही गाडी आरटीओच्या लेखी माझी आणि जेटीच्या लेखी कुणा पुणेकराची. पुणेरी पाट्यांबद्दल मी आजवर पुष्कळ हसलो होतो. आता एक कायमची गळ्यात पडली आहे.

गाडीचं नाव सांगत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसंच समजा. शिवाय पुढे तिच्या थोड्या उखाळ्यापाखाळ्याही काढायच्या आहेत. जात तेवढी सांगतो. ना धड मोटार, ना धड जीप, अशी ती मधली जात. २०१२ साली डस्टर आली, २०१५ साली क्रेटा, आणि मग ही जात घाट उतरून आमच्या खळ्याखळ्यात येऊन उभी राहिली. क्रॉसओव्हर म्हणतात तिला. आमचे मेस्त्री म्हणतात, "फुगलेली मोटार", आणि ही व्याख्या काही वाईट नाही. जीपला खाली लोखंडी चौकट असते आणि तिच्यावर अंग बसवलेलं असतं. हिचं अंग हीच चौकट. म्हणून जीपसारखी ती बसणाऱ्याची हाडं खिळखिळी करत नाही, आणि पोट जवळजवळ वीतभर वर असल्यामुळे पाणंदीतल्या चिऱ्याला घासतही नाही.

बाकी आराम म्हणाल, तर जाणते लोक तो सस्पेन्शनवर मोजतात. आमच्याकडे तो आईच्या गुडघ्यांवर मोजतात. जुन्या छोट्या गाडीत बसणं म्हणजे तिला विहिरीत उतरल्यासारखं व्हायचं, आणि भाच्याच्या सुमोत चढणं म्हणजे माळ्यावर. हिची बैठक बरोबर कमरेच्या उंचीला. पाठमोरं टेकायचं, पाय आत घ्यायचे, संपलं. पहिल्या दिवशी आई कसालपर्यंत आली. जाताना नाही, येताना नाही, एक शब्द बोलली नाही. उतरल्यावर म्हणाली, "पडवेर बसल्यासारखा वाटता." आमच्याकडे याच्यावर कौतुक नसतं.

गाडी घ्यायला पुण्याला जाताना मी एका होडीवाल्या मित्राला सोबत नेलं होतं. मालकाने बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून दाखवलं, सीटची कव्हरं दाखवली. मित्र यातलं काही न बघता आडवा पडला आणि गाडीखाली गेला. होडी घेताना आधी बूड बघतात. बोटाच्या पेरांनी ठोकून, कान लावून तो बराच वेळ खाली होता. बाहेर आल्यावर मी त्याला अंग आणि चौकट एकच असल्याचं समजावून सांगितलं. तो गंभीर झाला. "म्हणजे खारो वारो थेट हाडांकच लागतलो," म्हणाला. माझ्या डोक्यात हे कधी आलं नसतं. त्या दिवसापासून नियम असा आहे की किनाऱ्यावरून आलेल्या गाडीने आधी पाय धुवायचे, तेही गोड्या पाण्याने, आणि मगच खळ्यात यायचं. घरातल्या माणसांना लागू असलेला नियम गाडीला लावायला फार जड गेलं नाही. तरी रात्रभर पाऊस पडला की सकाळी ब्रेकच्या चकत्यांवर केशरी गंज दिसतोच. चार वेळा ब्रेक दाबला की जातो. पहिल्या वेळी मात्र मी घाबरून मित्राला फोन केला होता.

खळ्यात ती उभी कुठे करायची, हा मोठा प्रश्न झाला. माडाखाली गाडी लावणारा माणूस मालवणात जन्मलेला असू शकत नाही. नारळ सोडा, एक झावळ पडली तरी काच जाते. म्हणून कलमाखाली लावली. थंड सावली, वर मोहर, फोटो काढण्यासारखं दृश्य. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला आणि डाव्या सीटच्या पायाशी तळं झालं. मग गावातून मतं येऊ लागली. दाराचं रबर गेलं, काच सरकली, पुराच्या पाण्यातली गाडी गळ्यात मारली. हे शेवटचं मत माझ्या मेव्हण्याचं. मेस्त्रींनी वायपरच्या खालची जाळी काढली आणि आतून मूठमूठ काळा चिखल उपसला. वाळलेला मोहर, पानं, एक कैरीची कोय. पाणी बाहेर जायची भोकं बुजली होती, म्हणून ते आत येत होतं. कौलावरची पन्हळ आम्ही दर वैशाखात साफ करतो. गाडीलाही पन्हळ असते, एवढंच नवीन कळलं.

याच मेस्त्रींच्या गॅरेजात जुन्या गाड्यांचे मालक भेटतात. एकदा आम्ही तिघे बाकावर बसलो होतो. तिघांच्याही गाड्या पहिल्यांदा डॉक्टरांच्या आणि तिघांच्याही 'एकहाती'. घाटावरच्या इतक्या डॉक्टरांनी गाड्या कोकणात पाठवल्या असतील, तर ते दवाखान्यात चालत जातात काय, असं एकाने विचारलं. एकाची खिडकी नेमकी भरपावसात अर्ध्यावर अडायची, दुसऱ्याचा क्लच फोंडा घाटात तापून वास मारायचा. सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, "मग विकणार काय?" दोघे एकदम म्हणाले, "कित्याक? बरी आसा." स्वतःच्या वस्तूला 'छान' म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

माझी बढाई किलोमीटरची होती. नऊ वर्षांची गाडी आणि चाळीस हजारही नाहीत! मेस्त्रींनी विचारलं, पट्टा कधी बदलला? काही इंजिनांत झडपा हलवायला साखळीऐवजी रबरी पट्टा असतो. तो तुटला की माझ्या इंजिनासारख्या इंजिनात पिस्टन जाऊन झडपांवर आपटतात आणि गाडीपेक्षा दुरुस्ती महाग होते. मी म्हटलं, अहो, पण चाललीय कुठे एवढी? मेस्त्री म्हणाले, "रबर किलोमीटर वाचणा नाय, कॅलेंडर वाचता." पट्टा बदलला. पैसे मोजताना पुण्याच्या त्या डॉक्टरांच्या चालण्याच्या व्यायामाबद्दल मनात आलं ते लिहीत नाही.

आता तिला आमच्याकडे येऊन चौथा पावसाळा. मागच्या डिकीत सुक्या बांगड्याचा वास मुरलाय, तो कुठल्याही अत्तराला दाद देत नाही. सीटच्या पट्ट्यांवर श्रावणात बुरशी येते, ती सौ. व्हिनेगरने पुसते. उजव्या चाकावरच्या पत्र्याला गडगा घासला, तो तसाच आहे. पाटी अजून बाराचीच.

परवा जेटीवर गाडी लावली. एक पोरगा धावत आला, तोच नेहमीचा, हातात किल्ल्याच्या होडीची पावती. काचेशी वाकला, त्याला वास आला असावा. सरळ झाला आणि मागे वळून कुणाला तरी हाक मारली. मग मला म्हणाला, "काका, बाजारात चललास मा? ह्ये दोन टब मागे टाकतंय. आवशीक सांगा, बर्फ घालूक इसरा नको."