लॅरीला दंडवत

दूरचित्रवाणीच्या धंद्यात एक वेडेपणा असा आहे, की त्याच्याविषयी चांगला शब्द कुणीच काढत नाही. एखादा नट वाहिनीला फार आवडतो आणि लोकांना मुळीच आवडत नाही. वाहिनी हार मानत नाही. ती त्याला पुन्हा उभा करते, चौकाचौकांत त्याचे फलक लावते, चालत्या मालिकेच्या पाठीला त्याची मालिका बांधते. लोक म्हणतात, 'माथी मारतात मेले!' आणि चॅनेल बदलतात. वर्षभराने तोच चेहरा नव्या नावाने, नव्या घरात, नव्या बायकोसह पुन्हा दारात उभा.

मला या वेडेपणाची स्तुती करायची आहे. त्याची सगळ्यात निखळ कथा अमेरिकेत घडली. तिच्या नायकाचं नाव मॅक्लीन स्टीव्हन्सन.

'मॅश' ही मालिका १९७२ साली सीबीएसवर सुरू झाली. कोरियन युद्ध, आघाडीमागचं लष्करी इस्पितळ, आणि जखमींच्या रांगांमधून कसंबसं शहाणपण टिकवणारे डॉक्टर. स्टीव्हन्सन या इस्पितळाचा प्रमुख होता, कर्नल हेन्री ब्लेक. मासे धरायला निघाल्यासारखी गळ लावलेली टोपी, हुकूम सोडताना स्वतःच गोंधळणारा चेहरा, आणि आतून लोण्यासारखा माणूस. १९७४ साली त्याला या भूमिकेसाठी गोल्डन ग्लोबही मिळाला. पण मालिकेचा मुख्य चेहरा अ‍ॅलन अल्डाचा होता. स्टीव्हन्सनला स्वतःची मालिका हवी होती. दुसऱ्याच्या ताटात वाढून घ्यायचा त्याला कंटाळा आला होता, आणि तिसऱ्या हंगामाच्या शेवटी त्याने 'मॅश' सोडली.

त्याचा शेवटचा भाग मार्च १९७५मध्ये दाखवला गेला. हेन्रीला घरी जायची परवानगी मिळते, निरोप होतात, हेलिकॉप्टर उडतं. शेवटचं पान लेखकांनी बहुतेकांपासून लपवून ठेवलं होतं. शस्त्रक्रिया चालू आहे, सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली, हात रक्ताने माखलेले. पोरसवदा कारकून रडार तोंडाला काही न बांधताच आत येतो. हातातला कागद वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. कुणी बोलत नाही. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो, हात थांबत नाहीत, आणि त्या शांततेत कुणाच्या तरी हातून एक अवजार खाली पडल्याचा खणकन आवाज येतो. तो आवाज संहितेत नव्हता. दृश्य तसंच ठेवलं गेलं.

लोक हादरले. विनोदी मालिकेने असा घाव घालावा, हे त्यांना सहन झालं नाही. तक्रारीच्या पत्रांचा खच पडला. हेन्री ब्लेकवर इतकं प्रेम होतं. पुढे स्टीव्हन्सनने स्वतःच मोकळेपणाने कबूल केलं, की अमेरिकेचं आपल्यावर प्रेम आहे असं त्याला वाटलं होतं, ते होतं हेन्री ब्लेकवर. पण हे कळायला त्याला चार मालिका लागल्या. त्या चारही वेळा एखादी बडी वाहिनी त्याच्या पाठीशी उभी राहिली. आपल्या घरात मुलगा दोनदा नापास झाला तर तिसऱ्या वेळी फी भरताना बापाचा हात थरथरतो. इथे आठ वर्षांत चौथ्यांदा फी भरली गेली, तीही तीन वेगवेगळ्या बापांकडून.

पहिली 'द मॅक्लीन स्टीव्हन्सन शो', एनबीसीवर, १९७६च्या डिसेंबरात. हार्डवेअरच्या दुकानाचा मालक आणि त्याचं कुटुंब. वसंत ऋतूपर्यंतही टिकली नाही. दुसरी 'इन द बिगिनिंग', १९७८, सीबीएसवर. यात तो पाद्री, सोबत एक धिटुकली नन. ती काही आठवड्यांत गेली. या दोन्हींवर जास्त शाई घालवण्यासारखं काही नाही. तिसरीवर मात्र थांबायला हवं. ती 'हॅलो, लॅरी'.

ती समजायची तर फ्रेड सिल्व्हरमन समजला पाहिजे. हा माणूस आधी सीबीएसमध्ये मालिकांची वेळापत्रकं लावायचा. 'मॅश' पहिल्या हंगामात लोकप्रियतेच्या यादीत ४६व्या क्रमांकावर होती. आजच्या हिशेबाने गाशा गुंडाळण्याचीच वेळ. सीबीएसने तिला रविवारवरून उचलून शनिवारी दोन लाडक्या मालिकांच्या मधोमध ठेवलं. आधीची संपल्यावर आणि नंतरचीची वाट बघताना लोक मधली आपोआप बघतात, हा हिशेब. दुसऱ्या हंगामात 'मॅश' चौथ्या क्रमांकावर गेली. म्हणजे हेन्री ब्लेकवर अमेरिकेने जो जीव लावला, तोही आधी कुणीतरी हट्टाने लोकांपुढे ठेवला म्हणूनच. 'माथी मारणं' आणि 'पुढे ठेवणं' यांत हाताची हालचाल एकच असते. नाव कोणतं द्यायचं, ते निकाल लागल्यावर ठरतं.

हाच सिल्व्हरमन १९७८मध्ये एनबीसीचा अध्यक्ष झाला. वाहिनी तिसऱ्या क्रमांकावर, आणि अमेरिकेत तेव्हा मोठ्या वाहिन्याच तीन होत्या. जानेवारी १९७९मध्ये 'हॅलो, लॅरी' आली. घटस्फोट झालेला लॅरी ऑल्डर लॉस एंजलिस सोडून दोन वयात आलेल्या मुलींसह पोर्टलंडला येतो आणि रेडिओवर लोकांच्या अडचणींना सल्ले देतो. टीकाकारांनी पहिल्या आठवड्यातच तिला फाडून खाल्लं. रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात जॉनी कार्सन तिच्यावर विनोद करू लागला. तो कार्यक्रमही एनबीसीचाच! घरातलाच माणूस ओसरीवर बसून पाहुण्यांपुढे घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवतोय, असा प्रकार.

आणि इथे त्या वेडेपणाची खरी उंची दिसते. वाहिनीने मालिका काढून टाकली नाही. तिला 'डिफरंट स्ट्रोक्स' या चालत्या मालिकेला जोडलं. नुसतं पाठोपाठ दाखवून भागेना, तेव्हा दोन्ही कथांची सोयरीक केली. तिकडचा गडगंज मिस्टर ड्रमंड हा लॅरीचा सैन्यातला जुना मित्र निघाला, आणि त्याच्या कंपनीने लॅरीच्या रेडिओ केंद्राची मालक कंपनीच विकत घेतली. मग इकडची मुलं तिकडे, तिकडची इकडे. आपल्याकडे याला 'महासंगम' म्हणतात आणि त्या आठवड्यात दोन्ही मालिकांच्या जाहिरातींनी जीव नकोसा होतो. तेवढ्यानेही भागलं नाही, तेव्हा दुसऱ्या हंगामात हार्लेम ग्लोबट्रॉटर्सचा बास्केटबॉलपटू मेडोलार्क लेमन याला स्वतःच्याच नावाने मालिकेत आणलं आणि खेळाच्या सामानाचं दुकान काढून दिलं. रेडिओवरच्या समुपदेशकाला बास्केटबॉलपटूचा काय उपयोग, हा प्रश्न त्या टेबलावर कुणी तरी विचारला असेलच. तरीही काम थांबलं नाही. दोन हंगामांत मिळून ३८ भाग झाले.

हे ३८ भाग कुणी तरी लिहिले, कुणी रंगवले, कुणी शिवले, कुणी उजळले. प्रत्येक आठवड्याला सगळे जण कामावर यायचे, आणि देशभर आपली टिंगल होते आहे हे माहीत असूनही स्टीव्हन्सन कॅमेऱ्यासमोर उभा राहून आपली वाक्यं नीट बोलायचा. मी यासमोर मान झुकवते. टाळ्यांत काम करणं अवघड नसतं.

चौथी 'काँडो', १९८३च्या फेब्रुवारीत एबीसीवर. शेजारी शेजारी राहणारी दोन कुटुंबं, एक गोरं आणि घसरणीला लागलेलं, दुसरं लॅटिनो आणि वर चढणारं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला समोरच्या सीबीएसवर 'मॅश'चा शेवटचा भाग दाखवला गेला. तो सुमारे साडेदहा कोटी अमेरिकनांनी पाहिला. स्टीव्हन्सन तिथेच राहिला असता तर त्या निरोपात असता. 'काँडो' तेरा भागांत संपली.

लोक का आले नाहीत? अमेरिकेत १९६०च्या दशकापासून 'क्यू स्कोअर' नावाचं एक माप आहे. एखाद्या नटाला किती जण ओळखतात आणि ओळखणाऱ्यांपैकी किती जणांचा तो लाडका आहे, हे त्यात मोजतात. पैसा ओतून पहिला आकडा वाढवता येतो. फलक लावा, मुलाखती छापा, महिनाभरात चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होतो. दुसऱ्या आकड्याला पैसा लागू पडत नाही. आपणही हे पाहिलं आहे. २००० साली 'कौन बनेगा करोडपती'ने देश वेडा केला, तेव्हा झी टीव्हीने 'सवाल दस करोड का' आणला. बक्षीस दहापट, समोर अनुपम खेर आणि मनीषा कोईराला. रकमेने लोक वळले नाहीत. प्रेक्षकाचं मन विकाऊ नाही, याचा इतका खर्चिक आणि जाहीर पुरावा दुसऱ्या कुठल्या धंद्याने दिला आहे? समाजावर हे वाहिन्यांचे उपकारच आहेत.

पण माझ्या स्तुतीचं मुख्य कारण याहून वेगळं आहे. या हट्टाच्या पोटातून कधी काय निघेल, हे हट्ट करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. सिल्व्हरमनच्याच कारकिर्दीत, जानेवारी १९८१मध्ये, एनबीसीने 'हिल स्ट्रीट ब्लूज' ही पोलीस ठाण्याची मालिका आणली. तीही कुणी बघत नव्हतं. वाहिनीने तीही सोडली नाही. त्याच वर्षी तिने आठ एमी पारितोषिकं मिळवली, आणि पुढच्या कितीतरी गंभीर मालिकांची ती आई ठरली. 'हॅलो, लॅरी'ला धरून ठेवणारा हात आणि 'हिल स्ट्रीट ब्लूज'ला धरून ठेवणारा हात एकच होता. पहिल्याला मूर्ख म्हणायचं आणि दुसऱ्याला द्रष्टा, हा न्याय मला मान्य नाही.

नटांचंही तसंच. १९८४ साली सीबीएसवर 'ई/आर' नावाची विनोदी मालिका आली. शिकागोतलं इस्पितळ, तातडीचा विभाग, आणि त्यात जॉर्ज क्लूनी नावाचा एक देखणा तरुण. एका हंगामात बंद. १९९०मध्ये 'सनसेट बीट', दोन भाग दाखवून बंद. मग 'बेबी टॉक', मग 'बॉडीज ऑफ एव्हिडन्स'. दहा वर्षं हा चेहरा फिरून फिरून येत होता आणि लोक ओळख दाखवत नव्हते. १९९४ साली एनबीसीवर 'ईआर' आली. पुन्हा शिकागो, पुन्हा तातडीचा विभाग, पुन्हा क्लूनी. या खेपेला अमेरिका त्याच्या प्रेमात पडली. चौथ्या मालिकेनंतर सगळ्यांनी त्याच्यासमोर दार लावून घेतलं असतं, तर त्याची नोंद स्टीव्हन्सनच्या शेजारी झाली असती. फरक एका मालिकेचा आहे.

या वेडेपणात एक खोट आहे, ती लपवणार नाही. तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. त्याच एनबीसीने त्याच सिल्व्हरमनच्या काळात, १९८०मध्ये, 'पिंक लेडी' या जपानी गायिकांच्या जोडीला घेऊन कार्यक्रम काढला. 'मी' आणि 'केई' या नावांच्या त्या दोघींना इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. वाक्यं उच्चारांनी पाठ करून त्या अमेरिकेसमोर उभ्या राहिल्या. स्वतःच्या देशात त्यांच्या गाण्यांनी उच्छाद मांडला होता. अमेरिकेत पाच भागांत खेळ खलास. लॅरीला ३८ भागांचा धीर, त्यांना पाच. ओळखीच्या, मध्यमवयीन, गोऱ्या पुरुषाला जेवढ्या वेळा 'पुढच्या खेपेला जमेल' म्हटलं गेलं, तेवढ्या वेळा इतरांना म्हटलं गेलं नाही. माझी तक्रार आहे ती एवढीच: हा हट्ट जास्त झाला नाही, कमी जणांसाठी झाला.

आणि आता तर तोही संपत आला. ओटीटीच्या जमान्यात किती जणांनी मालिका शेवटपर्यंत पाहिली, कुठल्या मिनिटाला सोडली, हे कंपनीला पडद्याआडून दिसतं, आणि आकडा पटला नाही की पहिल्या हंगामानंतर विषय संपतो. त्या हिशेबात ४६व्या क्रमांकावरची 'मॅश' वाचली नसती. आपल्या मराठी वाहिन्यांवरही गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर मालिकेचं आयुष्य टांगलेलं असतं. आकड्यासमोर उभं राहून 'मला हा माणूस आवडतो, तो अजून राहील' म्हणणारा वेडा कार्यक्रमप्रमुख कुठे सापडला, तर त्याला नोकरीवरून काढू नका.

स्टीव्हन्सन १५ फेब्रुवारी १९९६ला हृदयविकाराने गेला. दुसऱ्याच दिवशी रॉजर बोवेनही गेला, १९७०च्या 'मॅश' चित्रपटातला हेन्री ब्लेक. वर्तमानपत्रांनी स्टीव्हन्सनच्या मृत्युलेखात 'हॅलो, लॅरी'चा उल्लेख केला तो अपयश म्हणून. माझी वाचकांना विनंती आहे: पुढच्या सोमवारी रात्री एखादा न आवडणारा चेहरा नव्या मालिकेत दिसला, तर रिमोट उचलण्याआधी त्याला दोन भाग द्या. त्याच्यासाठी कुणी तरी भांडलेलं असतं.